शाळेसमोरच्या सिग्नलचे पैसे

पुण्याच्या बुधवार पेठेत शाळा आधी आली आणि मोटार पुष्कळ नंतर. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंना शेणाचा आणि चिखलाचा मारा सोसावा लागला. शाळेत जायची वाट सुरक्षित असावी, ही मागणी या पेठेला नवी नाही. पुढे १८८३ मध्ये नू.म.वि. (नूतन मराठी विद्यालय) सुरू झाली आणि १८८४ मध्ये हुजूरपागा. आप्पा बळवंत चौक आणि लक्ष्मी रस्त्याच्या परिसरातल्या या शाळांची फाटकं पायी येणाऱ्या मुलांसाठी होती. आज बाजीराव रस्त्यावरून शनिवारवाड्याकडे, शिवाजी रस्त्यावरून स्वारगेटकडे आणि लक्ष्मी रस्त्यावरून अलका टॉकीजकडे एकेरी वाहतूक धावते. एकेरी रस्त्याचा एक फायदा आहे, मुलाला एकाच बाजूला बघावं लागतं. पण समोरून कुणी येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे गाड्या रस्त्याची सगळी रुंदी व्यापतात आणि जरा मोकळं दिसलं की वेग घेतात. त्यात उलट दिशेने घुसणारी दुचाकी पुण्यात रोजचीच.

चौकात सिग्नल असतो. मूल मात्र चौकात जाऊन रस्ता ओलांडत नाही, ते फाटकासमोर ओलांडतं. समोरच्या कडेला आईची स्कूटर उभी असते, रिक्षावाले काका हाक मारत असतात, वह्यांचं दुकान असतं. चौक आणि फाटक यांच्यामधला शंभर-दीडशे पावलांचा पट्टा हाच खरा धोक्याचा, आणि ‘शाळेसमोर सिग्नल बसवा’ ही मागणी तिथूनच येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, आणि १८ वर्षांखालची मुलं ९,५२८. दिवसाला २६ मुलं. हा आकडा वाचल्यावर एका खांबाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न किरकोळ वाटेनासा होतो.

मागणी घेऊन लोक बहुधा आधी वाहतूक पोलिसांकडे जातात. ते चुकीचं नाही, पण पुरेसंही नाही. सिग्नल कुठे हवा, त्याने वाहतूक तुंबेल की सुटेल, याचा अभिप्राय पोलिसांचा असतो, आणि बसवल्यावर चौकात उभा राहणारा हवालदारही त्यांचाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ११६ वाहतुकीची चिन्हं उभारण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना देतं. थैली मात्र महापालिकेच्या हाती. रस्ता पथ विभागाचा, दिवे आणि केबल विद्युत विभागाची, झेब्रा पट्टे पुन्हा पथ विभागाचे. बुधवार पेठेपुरतं बोलायचं तर फरासखाना वाहतूक विभाग आणि कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय, या दोन्ही ठिकाणी अर्जाची पोच घ्यावी लागते. पोलिसांचा अभिप्राय नसेल तर महापालिका पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, करत नाही. पूर्वगणनपत्रक नसेल तर अंदाजपत्रकात त्याला जागा मिळत नाही. पुष्कळ मागण्या या दोन टेबलांच्या मध्येच वर्षानुवर्षं पडून राहतात. नकार कुणीच दिलेला नसतो, त्यामुळे दाद तरी कुणाकडे मागायची हेही कळत नाही.

खर्च कशाकशाचा, ते बघू. आपल्याला दिसतात तीन रंगांचे दिवे. त्यांच्यामागे खांब आणि त्याचा पाया, रस्ता खोदून टाकलेली केबल, ती खोदाई पुन्हा बुजवण्याचा खर्च, दिव्यांचे सेकंद ठरवणारी नियंत्रक पेटी, स्वतंत्र वीजमीटर, वीज गेली तर चालणारी बॅटरी, पादचाऱ्यांसाठी वेगळा लाल-हिरवा माणूस, थांबरेषा आणि झेब्रा पट्टे. पेठेत आणखी दोन अडचणी येतात. इथल्या रस्त्यांच्या पोटात पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या कित्येक पिढ्यांच्या वाहिन्या एकमेकींवर पडलेल्या आहेत, तेव्हा खोदाई जपून आणि बहुधा रात्री करावी लागते. शिवाय विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर आडव्या हाताचा उंच खांब उभारला तर रथांची आणि देखाव्यांची वाट अडते. ज्या रस्त्याने मिरवणूक जाते तिथे खांबाचा आराखडा ठरवतानाच गणेशोत्सव लक्षात घ्यायला हवा.

हे पैसे उभे करायला पुण्यात निदान चार-पाच वाटा आहेत. पहिली आणि सरळ वाट महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकाची. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते मुख्य सभेत जातं. त्यात वाहतूक सुधारणेच्या अर्थशीर्षकाखाली आपल्या चौकाचं नाव यावं लागतं. नाव आलं म्हणून पैसे आले असं मात्र नाही. ‘टोकन तरतूद’ म्हणून नाममात्र रक्कम दाखवलेली कामं पुष्कळ असतात. आणि ज्या कामाला खरोखर पैसे ठेवलेले असतात त्याचे पैसे वर्ष सरता सरता वर्गीकरणाने दुसऱ्या कामाला दिले जातात. वर्गीकरण म्हणजे एका शीर्षकातली रक्कम उचलून दुसऱ्या शीर्षकात टाकणं. पुणेकरांनी हा शब्द बातम्यांत असंख्य वेळा वाचलेला असेल. शाळेसमोरच्या सिग्नलची रक्कम कुठे वळवली गेली, हे विचारायला मात्र सहसा कुणी जात नाही. वापरली गेली नाही तर ती ३१ मार्चला बुडते आणि पुन्हा श्रीगणेशा.

दुसरी वाट ‘स यादी’ची, म्हणजे नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची. ही वाट जवळची, पण नगरसेवकच नसले तर ती आटते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा शहराने हे अनुभवलं.

तिसरी वाट मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि तीच सगळ्यांत कमी चालली जाते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. दर वर्षी साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयं नागरिकांकडून कामं मागवतात. पदपथ, पथदिवे, बसथांबे यांच्या जोडीला वाहतूक सिग्नलही त्यात सुचवता येतो. अर्ज एका पानाचा असतो आणि तो कुणीही साधा नागरिक भरू शकतो. यात एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा घातलेली होती. त्या रकमेत अख्ख्या चौकाचा आधुनिक संच उभा राहणं कठीण. पण शाळेच्या फाटकासमोरचा उंचवट्याचा पादचारी मार्ग, पट्टे, फलक, लुकलुकणारा पिवळा दिवा किंवा आधीच्या सिग्नलला पादचाऱ्यांच्या दिव्यांची जोड, अशी कामं तिच्यात बसवता येतात. अर्ज करताना मोठं काम तोडून त्याचा असा एक पुरा होणारा भाग मागणं शहाणपणाचं.

याशिवाय आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे. खासदाराला त्यासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. जिल्हा नियोजन समिती आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, तिथेही विचारणा करता येते.

इतक्या वाटा असताना अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते दुसऱ्या वर्षी. वरच्या जवळजवळ प्रत्येक निधीला काहीतरी ‘उभं केलेलं’ हवं असतं. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी आहे, देखभालीसाठी नाही. कंपनीला उद्घाटनाची पाटी लावता येईल असं काम आवडतं. नगरसेवकाला मुदत संपायच्या आत दाखवता येणारं. खांबाला देणगीदार मिळतो. जळालेल्या दिव्याला, तुटलेल्या केबलला, पावसात पाणी शिरलेल्या नियंत्रक पेटीला कुणी मिळत नाही.

या देखभालीच्या खर्चाचं प्रमाण किती मोठं असतं, ते पुण्याच्याच अनुभवावरून सांगता येतं. स्मार्ट सिटी कंपनीने शहरातल्या सुमारे १२५ चौकांत वाहनांच्या गर्दीनुसार आपोआप वेळ बदलणारी सिग्नल यंत्रणा बसवली. भांडवली खर्च सुमारे १०२ कोटी रुपये आणि पाच वर्षांच्या देखभालीचा सुमारे ५८ कोटी. भागाकार केला तर नियंत्रण कक्ष आणि कॅमेरे धरून एका चौकाला सरासरी ८० लाखांच्या वर भांडवल लागलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षांची देखभाल भांडवलाच्या निम्म्याहून जास्त आहे. साधा सिग्नल याहून पुष्कळ स्वस्त पडतो, पण उभारणी आणि देखभाल यांचं नातं त्यालाही चुकत नाही. म्हणून शाळेसाठी सिग्नल मागणाऱ्या अर्जात पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद कोणत्या महसुली शीर्षकातून होणार, ही ओळ पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी. बंद पडलेला सिग्नल नसलेल्या सिग्नलपेक्षा वाईट असतो, कारण मूल त्याच्याकडे बघून चालायला शिकलेलं असतं.

या पेठेच्या आणि या शहराच्या तिजोरीचा विषय निघाला की जोतीरावांचं एक काम आठवल्याशिवाय राहत नाही. शाळा काढणारे जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीत स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, असं त्यांचं म्हणणं होतं. अंदाजपत्रकातल्या एका ओळीवर भांडणं हेही शाळेचंच काम आहे, हे त्यांना कळत होतं.

आता निकषांकडे येऊ. पैसे आहेत, वाट आहे, तरी ‘इथे सिग्नल निकषात बसत नाही’ असं उत्तर येऊ शकतं, आणि ते ऐकून पालक हिरमुसतात. सिग्नलसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ९३ ही १९८५ ची मार्गदर्शिका वापरात आहे. तिच्या पादचाऱ्यांच्या निकषात दिवसातल्या आठ तासांची गणना लागते. त्या प्रत्येक तासाला मुख्य रस्त्यावरून ६०० वाहनं आणि सर्वाधिक वर्दळीच्या जागी रस्ता ओलांडणारे १५० पादचारी असावे लागतात. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांच्या खरेदीची गर्दी दिवसभर असते, तिथे हे आकडे भरूही शकतील. पण आतल्या रस्त्यावरच्या शाळेचं काय? तिथे सकाळी वीस मिनिटं पाचशे मुलं रस्ता ओलांडतात, दुपारचं अधिवेशन भरताना पुन्हा वीस मिनिटं, सुटताना पुन्हा. मधल्या वेळात रस्ता रिकामा. आठ तास प्रत्येकी तपासले की त्यातले पाच-सहा तास नापास होतात, आणि ज्या वीस मिनिटांत धोका एकवटलेला आहे ती वीस मिनिटं कागदावर उरतच नाहीत. निकष लिहिणाऱ्यांनी मुद्दाम मुलांना वगळलं असं कुणी म्हणणार नाही. पण दिवसभराच्या वर्दळीसाठी केलेलं माप शाळेच्या घंटेला लावलं की मुलं त्यातून गळतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत शाळेच्या ओलांडणीसाठी म्हणून वेगळा निकष आहे, आणि तो इथल्या पालकांनी समजून घ्यावा इतका सोपा आहे. त्यात वाहनं किती हे मोजत नाहीत, वाहनांमधल्या फटी मोजतात. मुलं रस्ता ओलांडतात तेवढ्या वेळात जितकी मिनिटं, निदान तितक्या पुरेशा मोठ्या फटी मिळायला हव्यात, म्हणजे मिनिटाला सरासरी एक. त्याहून कमी मिळत असतील आणि सर्वाधिक गर्दीच्या तासाला किमान २० मुलं ओलांडत असतील, तर सिग्नलचा विचार करावा. अर्थात सिग्नलआधी इतर सोपे उपाय पुरतात का तेही बघायला सांगितलेलं आहे.

पुरेशी फट म्हणजे किती? समजा रस्ता १० मीटर रुंद आहे आणि मूल सेकंदाला १ मीटर चालतं. ओलांडायला १० सेकंद. बघून, ठरवून पाऊल टाकायला ३ सेकंद. मुलं ओळीने निघाली तर पहिल्या ओळीमागच्या प्रत्येक ओळीला २ सेकंद आणखी. चार ओळी असतील तर १० अधिक ३ अधिक ६, म्हणजे १९ सेकंद. आता शाळा सुटल्यावरच्या अर्ध्या तासात, समोरून एकही वाहन न जाता पूर्ण १९ सेकंद किती वेळा मिळाले ते मोजायचं. ३० वेळा मिळाले तर ठीक. बारा वेळाच मिळाले तर अधिकाऱ्यासमोर ठेवायला एक ठोस आकडा हाती आला. यासाठी सल्लागार संस्था नेमावी लागत नाही. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइलवर घेतलेलं चित्रण आणि दोन पालकांनी आठवडाभर ठेवलेली वही पुरते. ‘रहदारी फार आहे, कृपया सिग्नल बसवावा’ असा अर्ज आणि ‘१० जूनच्या आठवड्यात पाचही दिवस ३० मिनिटांत पुरेशा फटी १५ पेक्षा कमी होत्या’ असा अर्ज, या दोहोंतला दुसरा फाइलमध्ये दाबून ठेवणं कठीण जातं.

तो अर्ज शाळेच्या नावाने जावा, यासाठी एक तयार जागाही आहे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, त्या भागातला पोलीस निरीक्षक, शिक्षण खात्याचा निरीक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी असे लोक तिच्यात बसतात. ज्या टेबलांमध्ये फाइल अडकते, त्यांतली बरीच माणसं कायद्यानेच एका खोलीत आणलेली आहेत. या समितीच्या ठरावाला एका पालकाच्या पत्रापेक्षा कितीतरी जास्त वजन आहे. बसभाड्यापलीकडे या बैठकीत रस्त्याचा विषय यायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

सिग्नल मंजूर झाला तरी एक हिशेब उरतो, सेकंदांचा. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वेळ काढताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद झाले. पण पहिलीतलं मूल पाठीवर दप्तर घेऊन आजोबांचं बोट धरून निघालं तर तो वेग ०.८ मीटरवर येऊ शकतो. मग लागतात १५ सेकंद. शेवटचे ५ सेकंद ती दोघं भर रस्त्यात असतात आणि गाड्यांना हिरवा मिळालेला असतो. हे ५ सेकंद वाढवायला एक रुपयाही लागत नाही. तरी ते मिळवणं खांबापेक्षा अवघड, कारण त्यांची किंमत मागे थांबलेल्या गाड्या चुकवतात आणि गाड्यांना हॉर्न असतो.

मुलांनी सावध राहावं, हा सल्ला देऊन मोकळं होणाऱ्यांसाठी स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सांडेल्स यांचं काम वाचण्यासारखं आहे. १९६० च्या दशकात त्यांनी मुलांचं रस्त्यावरचं वागणं तपासलं आणि सांगितलं, की लहान मुलाची नजर, कान आणि लक्ष या वयात आधुनिक रहदारीला पुरे पडूच शकत नाहीत, कितीही शिकवलं तरी. येणाऱ्या गाडीचा वेग त्याला मोठ्यांसारखा जोखता येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे येते, ३० च्या वेगाची साधारण ८ मीटर. म्हणूनच पादचारी आणि वाहनं जिथे नेहमी एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने जगभरच्या सरकारांना सुचवलं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, आणि त्या देशाच्या रस्त्यांचा पैसा कुठे जावा हे हळूहळू बदललं.

प्रत्येक शाळेला सिग्नलच हवा असं मात्र मी म्हणणार नाही. अरुंद रस्त्यावर, जिथे दिवसाचे बावीस तास ओलांडणारं कुणीच नसतं, तिथे उगाच लाल होणारा दिवा चालक आठवड्याभरात तोडायला लागतात, आणि मग मुलं असतानाही तोडतात. अशा जागी पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेला पादचारी मार्ग जास्त काम करतो, कारण त्याच्यावरून वेगात जाताच येत नाही आणि त्याला वीज लागत नाही. किंवा बटण दाबल्यावरच लाल होणारा सिग्नल. किंवा शाळा भरता-सुटताना हातात फलक घेऊन उभा राहणारा प्रशिक्षित माणूस. ब्रिटनने १९५३ मध्ये अशा माणसांसाठी कायदाच केला. आपल्याकडे आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोलची) गणवेशातली मुलं हे काम उत्साहाने करतात. त्यांच्या शिस्तीचं कौतुक आहेच, पण वाहनं अडवण्याची जोखीम मुलांवर टाकू नये. प्रौढ वॉर्डनचं मानधन ही दर महिन्याची गोष्ट आहे, म्हणून तिला निधी मिळत नाही. इथेही अडचण तीच, दुसऱ्या वर्षाची.

बसवलेल्या सिग्नलचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जोडून ठेवणं हाही त्या दुसऱ्या वर्षाचाच भाग. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरलं. साडेसातच्या तुलनेने मोकळ्या रस्त्यावरून येणारी सगळ्यांत लहान मुलं त्यामुळे ऑफिसच्या गर्दीच्या वेळेत आली. नियंत्रक पेटीत सकाळी सात ते आठ अशी शाळेची वेळ भरलेली असेल, तर ती मुलं येतात तेव्हा यंत्र त्यांच्यासाठी थांबत नाही. दर जूनमध्ये आणि वेळ बदलेल तेव्हा शाळेने आपल्या अधिवेशनांच्या वेळा वाहतूक विभागाला आणि विद्युत विभागाला लेखी कळवाव्यात, आणि पेटीतली वेळ बदलल्याची तारीख लेखी मागून घ्यावी. देखभालीच्या करारात हे काम नाव घेऊन लिहिलेलं असेल तर त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.